‘मी गेम खेळत नाही’

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “सर, लातूरमध्ये गेम प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम तुम्ही सुरू केलात. त्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं.”

गमतीजमती पुष्कळ झाल्या, त्या लिहितो. पण त्या लिहिण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझ्याबद्दल गैरसमज करून घेणार नाही. शिवलीला नावाची एक विद्यार्थिनी आमच्याकडे शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात नापास झाली. तिचा गेम बरोबर होता. ती नापास झाली ती माझ्या एका वाक्यामुळे. कॉलेजच्या अहवालात मात्र ‘विद्यार्थिनीच्या यशस्वी प्रकल्पाचे मार्गदर्शक’ म्हणून माझं नाव आहे, फोटोही आहे. तो फोटो मला आता बघवत नाही.

मी मूळचा गणिताचा. नोकरीची शेवटची सात-आठ वर्षं राहिली असताना आमचे प्राचार्य पुण्याला कसल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना एक अभ्यासक्रम घेऊन आले. बहुधा परदेशातल्या कुठल्या तरी विद्यापीठाचा होता, कारण पहिल्याच पानावर ‘विद्यार्थ्यांनी हिवाळ्यात उबदार कपडे आणावेत’ अशी सूचना होती. प्राचार्य म्हणाले, “पुढचा जमाना गेमचा आहे. विभागप्रमुख तुम्ही.” मी म्हणालो, “मला पत्त्यांतला सातआठसुद्धा येत नाही.” ते म्हणाले, “म्हणून तर. तटस्थ माणूस पाहिजे.”

संगणकाच्या प्रयोगशाळेत तेव्हा एक मोठा बोर्ड होता : ‘संगणकावर गेम खेळण्यास सक्त मनाई आहे. आढळल्यास कारवाई होईल.’ खाली सही माझी, कारण शिस्त समितीचा प्रमुखही मीच होतो. प्रयोगशाळेचे सहायक बालाजी हे फार इमानदार गृहस्थ. गेम खेळताना सापडलेल्या मुलांची नावं लिहायला त्यांनी एक वही केली होती. अभ्यासक्रम सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते वही घेऊन माझ्याकडे आले.

“सर, अकरा जण सापडले. सगळेच्या सगळे खेळून राहिले होते.”

“बालाजी, त्यांचा तोच विषय आहे आता.”

“विषय असंल सर. पण बोर्डावर सही तुमची हाय.”

बोर्ड काढायचा तर शिस्त समितीची बैठक, तिचा ठराव, प्राचार्यांची मंजुरी हे सगळं आलं. आणि ज्या तीन मुलांना आदल्या वर्षी या बोर्डापायी मी महिनाभर प्रयोगशाळा बंद केली होती, त्यांचे पालक ‘मग आमच्या पोरांचं काय’ म्हणून आले असते. म्हणून मी मधला मार्ग काढला. परिपत्रक काढलं : ‘विद्यार्थ्यांनी गेम चालवून पाहावा, परंतु खेळू नये.’ हे वाक्य लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज कबूल करायला हवं. पुढची काही वर्षं आमची मुलं आपला गेम सुरू करत आणि हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत बसत. पडद्यावरचा माणूस मध्यभागी उभा असे. तोही यांच्याकडे बघत असे. बालाजी मागून फेऱ्या मारत.

ज्यांना या विषयाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेमचा प्रोग्राम म्हणजे एका सेकंदात साठ वेळा तेच तीन प्रश्न विचारणारा माणूस. कोणी काही दाबलं का? दाबल्यामुळे काय बदललं? आता पडद्यावर काय दाखवू? एवढंच. बाकी राक्षस, मोटारी, चेंडू हे सगळं त्याच्यावरची सजावट. अवघड भाग निराळाच असतो. खेळणाऱ्याला हरवायचं, पण पुन्हा खेळावंसं वाटेल इतकंच हरवायचं. हे गणितात बसत नाही. मला ते फार उशिरा समजलं.

आमच्याकडे मात्र सगळं प्रयोगवहीत बसवावं लागे. रसायनशास्त्राची वही असते तशीच : उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. प्रोग्राम हाताने लिहून काढायचा. पडद्याचं चित्र पेन्सिलीने काढायचं. ‘साहित्य’ या मथळ्याखाली मुलं ‘संगणक, माऊस, एक राक्षस’ असं लिहीत आणि मी त्याखाली सही करत असे. लेखी परीक्षेत मी एक प्रश्न काढला होता : ‘उडी म्हणजे काय? सुबक आकृती काढून भागांना नावे द्या.’ पाच गुण. एका मुलाने पाय, हवा आणि पाय अशी तीन नावं दिली. त्याला मी तीन दिले.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक येत. त्यांनाही या विषयाचं काही माहीत नसे. ते वही बघत. उद्दिष्टात जे लिहिलंय ते निष्कर्षात आलं की प्रयोग यशस्वी. धर्माबादच्या एका मुलाने मिरचीच्या बाजाराचा गेम केला होता. मिरचीच्या ढिगांमधून न शिंकता पलीकडे जायचं, शिंकलं की संपलं. परीक्षक पहिल्याच ढिगाला शिंकून संपले. पण त्या मुलाने उद्दिष्टच ‘खेळाडूस शिंक आणणे’ असं लिहिलं होतं. निष्कर्ष : शिंक आली. पूर्ण गुण. त्याची वही मी न वाचताच सही करून दिली होती. शिवलीलाची मी वाचली.

शिवलीला निलंग्याची. वडिलांचं भुसार मालाचं दुकान. ती रोज एसटीने लातूरला ये-जा करायची, आणि निलंग्याच्या स्टँडवर सकाळच्या बसला जी झुंबड उडते तोच तिने गेम केला. बस स्टँडात शिरते, खिडक्या समोरून सरकतात, आपण खालून रुमाल फेकून जागा धरायची. नेम साधला तर रुमाल सीटवर पडतो. मग आपण दारातल्या गर्दीतून आत जाईपर्यंत एक म्हातारी ड्रायव्हरच्या दाराने चढलेली असते. ती आपला रुमाल उचलते, झटकते, त्याची व्यवस्थित चौकोनी घडी घालते, आपल्या हातात परत देते आणि त्या जागेवर बसते. पडद्यावर अक्षरं येतात : ‘जागा मिळाली नाही. पुढची बस बघा.’

तिकडे कानडी मुलूख जवळ असल्यामुळे शिवलीला त्या म्हातारीला ‘अज्जी’ म्हणायची. मी विचारलं, “हिला हरवायचं कसं?”

ती हसली. “अज्जीला कोण हरवतंय सर?”

वहीत तिने उद्दिष्ट लिहिलं होतं : ‘प्रवाशाला सहजासहजी जागा मिळू न देणे.’ मी लाल पेनाने ते खोडलं. म्हटलं, उद्दिष्ट असं नकारात्मक नसतं. वर लिहिलं : ‘प्रवाशाला जागा मिळवून देणे.’

“सर, पण मग गेम कशाला खेळायचा?”

“परीक्षकांना काय उत्तर देणार आहेस? असंच असू दे.”

तिने वहीचं ते पान पुन्हा लिहून काढलं, माझ्या उद्दिष्टासह.

तपासणीसाठी तिने गेम प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावरच्या संगणकात घालून दिला होता. एके दिवशी दुपारी बालाजी डबा खायला गेले असताना मी सहज तो चालवून पाहिला. चालवला म्हणजे परिपत्रकाप्रमाणे. बस आली, गेली. मग मी एकदाच रुमाल फेकला. अज्जीने घडी घालून परत दिला. मला त्या घडीचा राग आला. मी उठून दाराला कडी घातली.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी रोज दुपारचं जेवण सोडलं. घरून दिलेला डबा तसाच परत जाई. बायको म्हणाली, “पोट बिघडलंय का?” मी म्हणालो, “परीक्षेचं काम आहे.” साठीला टेकलेला विभागप्रमुख दाराला कडी घालून, स्वतःच्या सहीच्या बोर्डाखाली बसून एका म्हातारीशी एसटीतल्या जागेसाठी भांडत होता. मी रुमालाच्या वेगाचं गणित मांडलं, कोन काढला. चाळीसएक वेळा हरलो. एकदा वैतागून रुमाल फेकलाच नाही, नुसता उभा राहिलो. तेव्हा दिसलं की अज्जी ड्रायव्हरच्या दाराशी थांबलेली असते आणि तिच्या पायाशी एक मोठं बोचकं असतं. ते तिला चढवता येत नसतं. मी पुढे जाऊन बोचकं उचललं. ती चढली, आत गेली, जागेवर बसली, माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली आणि खिडकीकडे सरकली. शेजारची जागा माझी. बस सुटली.

मी उठून दाराची कडी काढली. ज्या मुलीला मी उद्दिष्ट कसं लिहावं हे शिकवत होतो, तिला हा विषय माझ्यापेक्षा कितीतरी जास्त समजला होता. हे मी तिला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे आधी ‘मी खेळलो’ हे सांगायला लागलं असतं.

त्याच सुमारास तिला हैदराबादच्या एका संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. याच विषयाचा. अट एकच : शेवटचं वर्ष पहिल्याच प्रयत्नात पास. तिच्या वडिलांनी मोठ्या मुश्किलीने होकार दिला होता.

प्रात्यक्षिकाला परीक्षक नांदेडहून आले. ते आता हयात नाहीत, म्हणून नाव लिहीत नाही. कडक गृहस्थ होते, पण दुष्ट नव्हते. आदल्या तीन मुलांच्या वह्या त्यांनी पाच-पाच मिनिटांत उरकल्या. शिवलीलाच्या संगणकासमोर बसले, वही उघडली, उद्दिष्ट मोठ्याने वाचलं आणि रुमाल फेकला.

सतरा वेळा फेकला. मी मोजत होतो. पाचव्या वेळेनंतर त्यांनी कोट काढला. दहाव्यानंतर मुलं खुर्च्या सोडून मागे येऊन उभी राहिली. अज्जी प्रत्येक वेळी शांतपणे घडी घालून रुमाल परत देत होती. बाराव्या वेळी कोणीतरी खुदकन हसलं.

“ही बाई जात का नाही?” परीक्षक म्हणाले.

शिवलीला पुढे झाली. “सर, रुमाल नका टाकू. तिचं बोचकं उचला, मग जागा मिळते.”

“मी परीक्षक आहे. हमाल नाही.”

“तसं न्हाई सर, गेमच तसा हाय. एकदा उचलून तर बघा.”

“हे वहीत कुठे लिहिलंय? कृतीमध्ये आहे का? नाही. इथं लिहिलंय रुमाल फेकणे.” त्यांनी पुन्हा रुमाल फेकला. पुन्हा घडी. ते लालबुंद झाले आणि माझ्याकडे वळले. “सर, तुम्ही विभागप्रमुख. ही म्हणते तसं केल्यावर जागा मिळते का? तुम्ही स्वतः करून बघितलंय का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिवलीलाही. तिला खात्री नव्हती, पण आशा होती. सरांच्या संगणकावर गेम होता, एकदा तरी बघितला असेल. दारात बालाजी उभे होते, हातात सापडलेल्यांची नावं लिहायची ती वही. ज्या तिघांना मी शिक्षा केली होती त्यांतल्या एकाचा धाकटा भाऊ त्या घोळक्यात होता. माझ्या डोक्यावर बोर्ड होता.

मी म्हणालो, “मी गेम खेळत नाही.”

परीक्षकांनी मान हलवली, जणू त्यांना हेच अपेक्षित होतं. लिहिलं : ‘उद्दिष्ट – जागा मिळवून देणे. निष्कर्ष – जागा मिळाली नाही. प्रयोग अयशस्वी.’ खाली त्यांची सही आणि शेजारी अंतर्गत परीक्षक म्हणून माझी. जाताना ते मला म्हणाले, “तुमची शिस्त मला आवडली.”

निकालानंतर शिवलीलाचे वडील मला भेटायला आले. रागावलेले नव्हते. त्याचं मला जास्त वाटलं.

“गुरुजी, गणितात नापास झाली असती तर मी चार लोकांत सांगितलं असतं. खेळात नापास झाली! गावातली लोकं विचारून राहिलेत, पोरगी कोणत्या खेळात नापास झाली, खो-खोत का कबड्डीत? काय सांगू?”

मी म्हणालो, “सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा आहे.”

“हैदराबादवाले थांबत न्हाईत गुरुजी. बघितलं मी विचारून.”

त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, देगलूरला. सहा महिन्यांनी ती फेरपरीक्षेला आली तेव्हा हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि कीबोर्डवर प्रत्येक अक्षराला त्या वाजत होत्या. परीक्षेच्या आधी मीच तिला सल्ला दिला होता : “त्या म्हातारीला काढून टाक.” तिने काढून टाकलं. आता बसमध्ये कोणीच नव्हतं. रुमाल कुठेही फेका, टपावर फेका, तरी जागा मिळत होती. नव्या परीक्षकांना पहिल्याच फेकीत मिळाली. त्यांनी शंभरापैकी ब्याण्णव गुण दिले आणि ‘अतिशय उपयुक्त’ असा शेरा मारला.

पुढे कॉलेज तपासायला जी जी समिती आली तिला तो गेम दाखवण्यात आला. समितीतल्या प्रत्येक सदस्याला जागा मिळाली. सगळे खूश होऊन उठत. एका समारंभात मला शाल मिळाली. अहवालातला फोटो त्याच दिवशीचा. शिवलीला त्यात नाही. तिला बोलावायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं होतं.

मी निवृत्त झालो. ते परीक्षक गेल्याची बातमी मागच्या वर्षी समजली, आणि लक्षात आलं की आता त्या दिवसाबद्दल बोलू शकेल असा, त्या शेऱ्याखाली सही असलेला माणूस मी एकटाच उरलो. म्हणून शिवलीलाचं पहिलं निकालपत्रक दुरुस्त करता येतं का हे विचारायला मी नांदेडला विद्यापीठात गेलो. परीक्षा विभागातला तरुण कारकून सज्जन होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

“सर, पोरांनी गुण वाढवून मागायचा अर्ज हाय आमच्याकडं. मास्तरांनी स्वतःची चूक सांगायचा अर्ज न्हाई. आजवर कुणी मागितलाच न्हाई.” मग थोडा विचार करून म्हणाला, “तक्रारीचा ऑनलाइन फॉर्म भरा. तक्रार कुणाविरुद्ध, तिथं तुमचंच नाव टाका.”

शिवलीलाचं देगलूरला दुकान आहे : ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. हे मला तिच्या एका वर्गमित्राकडून समजलं होतं. उदगीरमार्गे बसने गेलो. ती एका बाईशी तेलुगूत बोलत होती, त्या बाईचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता म्हणून तो ओल्या फडक्याने पुसून देत होती. मला बघून उठून उभी राहिली, पाया पडायला वाकली. मी तिला मध्येच अडवलं. मला पाया पडून घेता येईना.

“कशाचा फॉर्म भरायचाय सर? पेन्शनचा का?”

मी सांगितलं. तिने खुर्ची पुढे ओढली, फॉर्म उघडला आणि सगळ्यांना विचारते त्याच आवाजात विचारायला लागली.

“तक्रारदाराचं नाव?”

मी नाव सांगितलं.

“तक्रार कुणाविरुद्ध?”

“माझ्याच.”

तिने तेच नाव पुन्हा टाइप केलं. पडद्यावर लाल अक्षरं आली : ‘तक्रारदार व ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती एकच असू शकत नाही.’

“घेईना सर.” मग म्हणाली, “तक्रारदार म्हणून माझंच नाव टाकते. मला चालतंय.” तिने माझं नाव पुसून तिथे स्वतःचं घातलं. लग्नाआधीचं, प्रमाणपत्रावर आहे ते. “तक्रारीचं स्वरूप? नावात चूक, बेरजेत चूक, छपाईत चूक, इतर.”

“इतर.”

“तपशील सांगा.”

मी बसमध्ये मनाशी मजकूर तयार करून ठेवला होता. म्हणालो, “लिही. काही अपरिहार्य परिस्थितीमुळे मूल्यमापनाच्या प्रक्रियेत अनवधानाने तफावत निर्माण होऊन सदर विद्यार्थिनीच्या...”

“सर, शंभर अक्षरंच बसतात. सरळ सांगा की, काय झालं होतं?”

रांगेत मागे दोघं-तिघं उभे होते. मी म्हणालो, “तुझा गेम मी खेळलो होतो. परीक्षेच्या आधी. कडी लावून, रोज. बोचकं उचललं होतं मी. मला जागा मिळाली होती.”

तिचे हात कीबोर्डवरून खाली आले.

“खरं सांगता सर?”

“हो.”

“मग जागा दिल्यावर अज्जी काय म्हणती, सांगा.”

जिंकणाऱ्यालाच ते दिसायचं. दुसऱ्या कोणालाही ते माहीत असण्याची शक्यता नव्हती. मी म्हणालो, “‘ये, टेक. दोघांला पुरती एवढी जागा.’”

ती पडद्याकडे बघत राहिली. मागचा माणूस म्हणाला, “ताई, लई वेळ लागंल का?” तिने त्याला हातानेच थांब म्हटलं. मग तपशिलाच्या चौकटीत तिने तीन शब्द टाइप केले : ‘सरांना माहीत होतं.’

“अजून लई अक्षरं शिल्लक हायेत सर,” ती म्हणाली. “आणखी काही लिहायचंय का?”

“नाही.”

तिने बटण दाबलं.